ओळखीची वही

वाचकहो, बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहा आणि नुसते ऐका. कोणी म्हणतो, "वरच्या वाडीला शाळेची भिंत घेतलीय, दोन गवंडी पाहिजेत." कोणी म्हणतो, "तालुक्याला नवं गॅरेज निघालंय, पोरं बघताहेत." कोणी सांगतो, "द्राक्षाच्या छाटणीला माणसं कमी पडलीत." या कामांची जाहिरात कोठे छापून आली नाही. कोणी दवंडी पिटली नाही. तरी दोन दिवसांत माणसे कामावर लागतात. ज्याच्या कानावर बातमी आली तो गेला. ज्याच्या कानावर आली नाही तो घरी बसला. घरी बसलेला कदाचित जास्त चांगला कारागीर असेल. पण भिंत बांधणाऱ्याला ते कसे कळावे?

म्हणून या पाठात आपण दोन गोष्टी पाहू. कामाची बातमी आपल्यापर्यंत कशी यावी, आणि बातमी आल्यावर समोरच्याशी काय बोलावे. आता तुम्हाला लिहिता-वाचता येऊ लागले आहे. या कामी त्याचा फार उपयोग आहे. तोही सांगू.

आधी एक शंका दूर करू. "ओळखीने काम मिळाले" असे कोणी म्हटले की लोक नाक मुरडतात. त्यांच्या मनात वशिला असतो. वशिला आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काम येत नसताना कोणाच्या तरी शब्दावर जागा अडवणे हा वशिला. आपल्याला काम येते हे चार लोकांना माहीत असणे ही ओळख. पहिल्या गोष्टीची लाज वाटावी. दुसरीची लाज कशाला?

आता थोडा मागचा इतिहास पाहू. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतून माणसे मुंबईला जाऊ लागली. त्यांना तेथे काम कोणी दिले? गाववाल्याने. गावचा एक जण आधी गेलेला असायचा. तो नव्या पोराला आपल्या खोलीवर उतरवून घ्यायचा. एका खोलीत एकाच गावची दहा-वीस माणसे राहायची. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्या जागी झोपायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. गोव्याच्या लोकांनीही मुंबईत अशीच सोय केली होती. बोटीवर काम करणारे गोवेकर आपापल्या गावच्या नावाने चालणाऱ्या घरात उतरत. त्या घराला ते कूड म्हणत. दुपारचे जेवणाचे डबे पोचवणारे मुंबईचे डबेवाले पाहा. त्यांतले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. एकाने दुसऱ्याला आणले, दुसऱ्याने तिसऱ्याला. परक्या शहरात गाववाल्याचा केवढा आधार होता, हे त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

पण या आधाराला दुसरी बाजूही होती. गिरणीत माणूस भरती करण्याचे काम जॉबरच्या हाती असे. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. सकाळी दारावर बदली कामगार उभे राहत. जॉबर बोट दाखवील तो आत जाई. बोट दाखवण्याचे पैसे पडत. त्याला दस्तुरी म्हणत. जॉबरशी बिघडले की काम गेले. त्याचा हात आखडावा म्हणून १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे काय झाले? ज्याला गिरणीत एकच माणूस माहीत होता, तो त्या एका माणसाच्या मुठीत गेला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला. पुष्कळ जणांचे काम परत मिळालेच नाही. त्या वेळच्या एका घराची कल्पना करून पाहा. कामगार गिरणीत, भाऊ गिरणीत, शेजारी गिरणीत, भजनी मंडळातले सारे गिरणीत. माणसे जिवाला जीव देणारी. पण दुसऱ्या कामाची बातमी यांच्यातल्या कोणाकडे असणार? सगळ्यांना ठाऊक तेच, आणि सगळ्यांचे बंद पडले तेही तेच. माया भरपूर होती, बातमी नव्हती.

ही गोष्ट आपल्याच लोकांची आहे असे नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे एक अमेरिकन विद्वान आहेत. बोस्टन शहराजवळच्या न्यूटन गावात त्यांनी अलीकडेच नोकरी बदललेल्या लोकांना प्रश्न विचारले. हे लोक शिकलेले, हुद्द्यावरचे होते. ज्यांना ओळखीतून नोकरी कळली त्यांना विचारले, "बातमी देणारा माणूस तुम्हाला त्या वेळी किती वेळा भेटत असे?" आपल्याला वाटेल, रोजचा जिवलग मित्रच सांगणार. पण तसे निघाले नाही. १९७३ साली त्यांनी आपले म्हणणे छापले. शंभरात जेमतेम १७ जण म्हणाले की तो माणूस वरचेवर, आठवड्यातून दोनदा तरी भेटे. सुमारे २८ जणांना तो वर्षातून एकदा भेटे किंवा तेवढाही भेटत नसे. उरलेल्यांना तो अधूनमधून भेटे. म्हणजे लांबच्या, सैल ओळखीच्या माणसानेच बातमी जास्त आणली.

असे का व्हावे? विचार केला तर सोपे आहे. आपला सख्खा मित्र आणि आपण एकाच पारावर बसतो. त्याने ऐकले ते आपणही ऐकलेले असते. पण एस.टी.चा कंडक्टर, तालुक्याचा हार्डवेअर दुकानदार, भावकीतली लग्न होऊन लांब गेलेली बहीण, शाळेत बरोबर असलेला आणि आता नाशकाला राहणारा गडी, यांचे पार वेगळे. त्यांच्या पारावरची बातमी आपल्या पारावर येत नाही. ती आणायला तेच लागतात.

आमचे म्हणणे असे नाही की जिवलगांना सोडा. आजारपणात, मयतीत, अडल्या वेळी तेच धावून येतात. हार्डवेअरवाला काही रात्री उशाशी बसणार नाही. पण दोन्हींचे काम निराळे आहे हे समजून असावे.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या आगेमागे निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. जाण्याआधी मुकादम उचल देतो. ती तोडीच्या पैशांतून वळती होते. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच्याच टोळीत जावे लागते. उचल किती घेतली, मधे खर्चाला किती घेतले, किती टन तोडले, याचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. सगळे मुकादम वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. काही भल्या माणसांसारखे वागतात. पण नीट पाहा. मुकादमाजवळ वही आहे. त्या वहीत कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाचा नंबर आहे, ट्रॅक्टरवाल्याचा नंबर आहे, दहा गावांतल्या दोनशे तोडणाऱ्यांची नावे आहेत. तोडणाऱ्याजवळ काय आहे? मुकादमाचा नंबर. एकाजवळ दोनशे ओळखी आणि दुसऱ्याजवळ एक. मग भाव कोण ठरवणार?

तुम्ही पूर्वी म्हणाला असता, "आम्हाला कुठं लिहिता येतं?" आता तसे म्हणता येणार नाही. शंभर पानी एक वही आणा. तीच तुमची ओळखीची वही.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मोबाईलमध्ये नंबर असतात की! वही कशाला?" नंबर असतात हे खरे. पण फोन पाण्यात पडतो, हरवतो, पोरगा खेळता खेळता सगळे पुसून टाकतो. शिवाय फोनमध्ये "सुतार २" असे नाव असते. हा दोन नंबरचा सुतार कोण, कोठे भेटला, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. वहीत चार गोष्टी लिहायच्या. माणसाचे नाव व गाव. तो काय करतो. आपली गाठ कोठे पडली. आणि नंबर. नंबर लिहून झाला की अंक मोजावेत. दहा भरले पाहिजेत. एक अंक चुकला तर ओळख फुकट गेली.

पानावरचा मजकूर साधारण असा दिसेल:

"हार्डवेअरवाले शेठ, बाजारपेठ. नळ, पाइप, सिमेंट विकतात. बांधकामवाले ठेकेदार त्यांच्याकडे येतात. म्हशीच्या गोठ्याचे पत्रे घ्यायला गेलो तेव्हा बोलणे झाले. म्हणाले, गवंडी लागला तर कळवतो."

बस, एवढे पुरे. शेवटचे वाक्य मात्र जरूर लिहावे. त्यांनी काय म्हटले आणि आपण काय कबूल केले, हे लिहून ठेवलेले असले की पुढच्या भेटीत बोलणे तेथून उचलता येते. "शेठ, मागं तुम्ही म्हणाला होता..." असे म्हटले की समोरच्याला बरे वाटते. आपले बोलणे या माणसाने ध्यानात ठेवले, एवढ्यानेच तो आपल्याला ध्यानात ठेवतो.

बायांनी अशी वही ठेवावी की नाही? आमच्या मते आधी त्यांनीच ठेवावी. बचत गटाच्या बैठकीत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत त्यांच्या कितीतरी ओळखी होतात. त्या "अमक्याची आई" आणि "तमक्याची सून" अशाच राहतात. नाव विचारा आणि नाव सांगा. मसाला कांडून देणाऱ्या बाईला गिऱ्हाईक पाहिजे, आणि चार कोसांवरच्या खानावळीला मसाला पाहिजे. दोघी एकाच दवाखान्याच्या बाकावर तासभर शेजारी बसतात आणि न बोलता घरी जातात. असे पुष्कळदा होते.

आता बोलण्याविषयी. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. आम्हाला ही म्हण अर्धीच पटते. माती खपवू नये. पण आपले गहू आहेत ते पडून राहू नयेत, एवढे बोलता आले पाहिजे.

वायरिंगचे काम येणारा एक तरुण ठेकेदाराकडे गेला. बोलणे असे झाले.

"साहेब, काम द्या की."

"काय येतं तुला?"

"काय पण सांगा साहेब, करतो."

"बरं, बघू. सांगतो."

पोरगा परत आला. त्याचा निरोप कधी आला नाही. येणार कसा? ठेकेदाराकडे रोज चार जण असेच येतात. "काय पण करतो" म्हणणारा त्याच्या लक्षात कशाने राहावा? पोराला वाटते, आपण नम्रपणे बोललो. ठेकेदाराला वाटते, याला काहीच येत नाही.

त्याच पोराने असे बोलून पाहावे:

"नमस्कार साहेब. मी खालच्या आळीचा. मला घरातली वायरिंग येते. दोन वर्षं तालुक्याला एका मिस्त्रीच्या हाताखाली केली. तुमची नवी इमारत निघालीय असं मेडिकलवाल्या अण्णांनी सांगितलं. एक दिवस माझा हात बघा, मग ठरवा."

किती वेळ लागला? अर्धा मिनिट. एवढ्यात मी कोण, मला काय येते, मला कोणी पाठवले आणि माझे मागणे काय, हे सारे आले. मागणेही लहान आहे. "नोकरी द्या" म्हटले तर साहेबाला फार विचार करावा लागतो. "एक दिवस हात बघा" याला हो म्हणणे सोपे जाते. मात्र अण्णांचे नाव घेण्याआधी अण्णांना विचारलेले असावे. न विचारता नाव घेतले आणि काम बिघडले, तर अण्णांची पत जाते आणि आपली ओळखही जाते.

जे येत नाही ते येते म्हणू नये. "तीन फेजचं काम अजून केलं नाही, शिकायची तयारी आहे," असे सरळ सांगावे. विजेच्या कामात तर खोटे बोलणे जिवावर बेतते.

फोनवर बोलताना आधी आपले नाव सांगावे. "ओळखलं का?" असे कोडे घालू नये. "आता बोलायला सवड आहे का?" असे विचारावे. नाही म्हणाले तर कधी फोन करू ते विचारून ठेवावे. काही जण सात-आठ मिनिटांचा बोललेला निरोप पाठवतात. कामाचा माणूस तो पुरता ऐकत नाही.

मजुरीची गोष्ट काढायला आपल्या माणसांना संकोच वाटतो. काम पहिल्या दिवशी ठरते, आणि पैसे किती हे शेवटच्या दिवशी कळते. मग भांडण होते. ते टाळायचे तर निघताना एकदा उजळणी करावी. "साहेब, म्हणजे सोमवारपासून, सकाळी आठला, रोज अमुक रुपये आणि दर शनिवारी पैसे. बरोबर ना?" साहेब "हो" म्हणाले की घरी येऊन वहीत तारीख घालून लिहावे. यात कोणाचा अपमान होत नाही. उलट पोरगा चोख आहे असे साहेबाला कळते. वहीत रोजचा खाडाही लिहावा आणि हजेरीही. इमारतीच्या कामावर असाल तर त्याचा आणखी उपयोग आहे. बांधकाम कामगार म्हणून सरकारी मंडळाकडे नोंद करायची, तर मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. कोणाकडे, केव्हापासून केव्हापर्यंत काम केले, हे तुमच्याच वहीत असले म्हणजे दाखला मागायला कोणाकडे जायचे ते शोधत बसावे लागत नाही.

कधी माणूस जागेवर भेटत नाही. मग चिठ्ठी ठेवून यावी. घरी शिवणकाम करणाऱ्या एका ताईची चिठ्ठी कशी असावी, ते पाहा.

"रा. रा. दुकानदार साहेब यांस,
स. न. वि. वि.
मी शेजारच्या वाडीत राहते. मला परकर, ब्लाउज व मुलींचे फ्रॉक शिवता येतात. घरी पायाचे शिलाई मशीन आहे. दिवसाला सहा परकर होतात. आपल्या दुकानाचे शिवणकाम मिळाल्यास करीन. नमुन्याचा एक परकर चिठ्ठीबरोबर ठेवला आहे. शिवण तपासून पाहावी. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन विचारीन. माझा नंबर खाली आहे.
आपली विश्वासू,"

खाली पूर्ण नाव, गाव आणि नंबर. अक्षर मोठे व सुटे असावे. वळण नसले तरी चालेल, वाचता आले पाहिजे. या चिठ्ठीत गरिबीचे रडगाणे नाही हे तुमच्या ध्यानात आले असेल. दुकानदाराला दया करायची नाही, परकर पाहिजेत. आणि सगळ्यांत मोठी शिफारस चिठ्ठीत नाहीच. ती त्या नमुन्याच्या शिवणीत आहे.

बाजाराच्या दिवशी येईन म्हटले तर त्या दिवशी गेलेच पाहिजे. पाऊस असला तरी. जाणे होणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. लोक कामातली लहानसहान चूक पोटात घालतात. पण वाट पाहायला लावणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

आणखी एक. वहीतल्या माणसाला फक्त आपली नड पडली म्हणजे आठवू नये. आपल्या कानावर आलेली बातमी त्यालाही पोचवावी. आपण गवंडी, आपल्याला कळले की एका घराला रंगारी पाहिजे. वहीत रंगाऱ्याचे नाव आहे. त्याला फोन करायला दोन मिनिटे लागतात. काही जण बातमी दडवून ठेवतात. त्यांना वाटते, सांगितली की संपली. अहो, तुम्ही गवंडी, तुम्हाला रंग द्यायचाच नाही! दडवून काय मिळणार? उद्या त्या रंगाऱ्याला कोठे भिंत पडलेली दिसली तर तो कोणाचे नाव घेईल?

"नोकरी लावून देतो, आधी पाच हजार ठेवा," असे म्हणणारे काही जण या वाटेवर भेटतील. फोनवरही भेटतील, आणि बँकेचा किंवा मोबाईलवर आलेला आकडा मागतील. त्यांचे नाव वहीत शेवटच्या पानावर लिहावे आणि गावातही सांगावे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारचे रोजगार मार्गदर्शन केंद्र असते. तेथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

वही भरायला वेळ लागेल. पहिल्या दिवशी पाच नावेही सुचणार नाहीत. मग लग्नाच्या आहेराची यादी काढून बसा. ती घरात असतेच. त्यात लांबची किती माणसे सापडतात ते पाहा. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला म्हणा, वही पहिल्या पानापासून वाचावी. बरेच दिवसांत ज्याच्याशी बोलणे नाही त्याला नुसती खुशाली विचारायला फोन करावा. काम काढू नये. कोणाचा नंबर बदलला असेल तर जुना गिरगटून टाकू नका. त्यावर एकच आडवी रेघ मारा आणि नवा शेजारी लिहा. नवा चुकीचा निघाला तर जुना वाचता आला पाहिजे.